निवृत्त हार्ड डिस्कचा पुनर्वापर : तंत्र, अर्थकारण आणि विश्वासार्हता

बँका, विमा कंपन्या, दूरसंचार सेवा, शासकीय कार्यालये आणि डेटा सेंटर यांच्या दैनंदिन व्यवहारांची प्रचंड माहिती आजही मोठ्या प्रमाणावर हार्ड डिस्कवर साठविली जाते. या डिस्क वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास चालाव्यात अशा बेताने तयार केलेल्या असतात आणि उत्पादक त्यांना सामान्यतः पाच वर्षांची हमी देतात. हमीची किंवा देखभाल कराराची मुदत संपत आली, अथवा तेवढ्याच जागेत व तेवढ्याच विजेत अनेक पटींनी अधिक माहिती साठविणाऱ्या नव्या डिस्क उपलब्ध झाल्या, की संस्था जुना संच एकाच वेळी बदलतात. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या डिस्क बिघडलेल्या असतातच असे नाही. पुष्कळदा त्या चालत्या स्थितीतच निवृत्त होतात.

यांपैकी अनेक डिस्क यंत्रात घालून त्यांचे तुकडे केले जातात. काही भंगाराच्या लिलावात वजनावर विकल्या जातात आणि तेथून दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड, बंगळुरूमधील एस. पी. रोड किंवा चेन्नईतील रिची स्ट्रीट यांसारख्या बाजारांत पोहोचतात. तेथे एखाद्या दुकानदाराने ती साध्या संगणकाला जोडून पाहिली, तर एक तर तिची केबलच बसत नाही, किंवा केबल बसूनही संगणक तिची क्षमता शून्य दाखवतो. मग ती डिस्क 'खराब' ठरते आणि ॲल्युमिनियमच्या भावाने पुढे जाते.

वस्तुतः अशा डिस्कच्या दुसऱ्या आयुष्याआड तीन अडथळे असतात. पहिला मांडणीचा, दुसरा जोडणीचा आणि तिसरा विश्वासाचा. पहिले दोन तांत्रिक असून अल्प खर्चात दूर होतात. तिसरा संस्थात्मक आहे आणि खरी अडचण तेथेच आहे. प्रस्तुत लेखात या तिन्हींचा क्रमाने विचार केला आहे.

सेक्टरची रचना : ५१२ आणि ५२० बाइट

हार्ड डिस्कवरील माहिती सलग लिहिली जात नाही. ती ठरावीक आकाराच्या कप्प्यांत विभागलेली असते. या कप्प्यांना सेक्टर म्हणतात. वैयक्तिक संगणकांच्या जगात दीर्घकाळ एका सेक्टरचा आकार ५१२ बाइट राहिला. २०११ च्या सुमारास उत्पादकांनी ४०९६ बाइटच्या मोठ्या सेक्टरकडे वाटचाल केली. तथापि जुन्या संगणकांशी मेळ राहावा म्हणून अशा अनेक डिस्क बाहेरून ५१२ बाइटचेच रूप दाखवितात. सर्वसामान्य कार्यप्रणाली हे दोनच आकार गृहीत धरतात.

मोठ्या संस्थांच्या साठवण यंत्रणेत मात्र सेक्टर ५२० बाइटचा, तर काही यंत्रणांत ५२८ बाइटचा ठेवण्याची पद्धत आहे. अतिरिक्त ८ बाइटचे प्रयोजन समजण्यासाठी जुन्या खतावणीचे उदाहरण उपयोगी पडेल. दक्ष कारकून प्रत्येक पानाच्या तळाशी पानाची बेरीज व पान क्रमांक लिहून ठेवतो. पुढे कोणी आकडा खोडला किंवा पान भलत्या ठिकाणी लागले, तर ते लगेच ध्यानात येते. हार्ड डिस्कच्या बाबतीतही असे होऊ शकते. एखादा बाइट नकळत बदलतो, किंवा माहिती बरोबर असूनही चुकीच्या सेक्टरवर लिहिली जाते. डिस्कला स्वतःला ही चूक कळतेच असे नाही. म्हणून साठवण यंत्रणा प्रत्येक सेक्टरसोबत तपासणीचा मजकूर लिहिते. या संदर्भातील प्रचलित मानकात ८ बाइटची वाटणी अशी आहे : २ बाइट मजकुरावरून काढलेली तपासणी-संख्या, २ बाइट यंत्रणेची स्वतःची खूण आणि ४ बाइट सेक्टरच्या पत्त्याची नोंद. काही उत्पादकांच्या यंत्रणांत ही वाटणी वेगळी असली तरी हेतू तोच असतो.

प्रत्येक सेक्टरमागे ८ बाइट ही रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु ४ टेराबाइटच्या डिस्कवर ५१२ बाइटचे सुमारे ७८१ कोटी सेक्टर असतात. म्हणजे तपासणीसाठीच जवळपास ६२ गिगाबाइट जागा खर्ची पडते. एका चुकीच्या आकड्याने खातेदाराची शिल्लक बदलू शकते, अशा ठिकाणी हा खर्च रास्त ठरतो. घरगुती संगणकाला मात्र ही रचना अपरिचित असते. ५२० बाइटचा सेक्टर समोर आला की लिनक्स कार्यप्रणाली 'असमर्थित सेक्टर आकार' अशी नोंद करून डिस्कची क्षमता शून्य धरते. विंडोजमध्येही ती वापरात घेता येत नाही. चालू असलेली डिस्क 'मृत' ठरविली जाण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

जोडणीचा प्रश्न

दुसरा अडथळा जोडणीचा आहे. घरगुती संगणकातील डिस्क 'साटा' पद्धतीने जोडल्या जातात, तर सर्व्हरमधील अनेक डिस्क 'सॅस' पद्धतीच्या असतात. या दोहोंचा संबंध एकतर्फी आहे. सॅस नियंत्रक साटा डिस्क स्वीकारतो. साटा नियंत्रक मात्र सॅस डिस्क स्वीकारत नाही. चुकीची केबल बसू नये म्हणून सॅस डिस्कच्या जोडणीतील मधली खाच बुजविलेली असते. बाजारात केबल बसवून देणारे स्वस्त जोड मिळतात. पण ते फक्त आकार जुळवितात, दोन्ही बाजूंची भाषा जुळवीत नाहीत. त्यामुळे सॅस डिस्क साध्या संगणकात वापरायची तर संगणकात सॅस नियंत्रक कार्ड बसविणे आवश्यक असते. अशी कार्डेही जुन्या सर्व्हरमधूनच निघतात व तुलनेने स्वस्त मिळतात.

सर्व्हरमधून निघालेल्या साटा डिस्कचे काम त्या मानाने सोपे असते. त्यातही एक खाचखळगा आहे. २०१६ च्या सुमारास आलेल्या साटा मानकानुसार वीजजोडणीतील तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट दाब आला, तर डिस्कने बंद राहावे अशी सोय करण्यात आली. डेटा सेंटरमध्ये दूर बसून एखादी डिस्क बंद-चालू करण्यासाठी ती उपयुक्त असते. जुन्या घरगुती संगणकाचा वीजपुरवठा मात्र त्या पिनेला सततच ३.३ व्होल्ट देतो. परिणामी डिस्क फिरतच नाही आणि बिघडलेली वाटते. ही पिन न वापरणारा वीजजोड लावला की ती चालू होते.

काही डिस्क मात्र साध्या संगणकासाठी मुळातच अयोग्य असतात. घराच्या छपरावर कौले जशी एकमेकांवर किंचित चढवून बसवितात, त्याप्रमाणे माहितीचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवून क्षमता वाढविलेल्या काही डिस्क डेटा सेंटरसाठी बनतात. त्यांतील ज्या प्रकारात लेखनाचा क्रम बाहेरील यंत्रणेनेच सांभाळावा लागतो, तो प्रकार साधी कार्यप्रणाली हाताळू शकत नाही. १५ मिलिमीटर जाडीच्या अडीच इंची सॅस डिस्क लॅपटॉपमध्ये मावत नाहीत. खरेदीपूर्वी डिस्कवरील प्रतिरूप क्रमांक पाहून हे सर्व समजू शकते.

पुनर्मांडणीची प्रक्रिया

'फॉरमॅट' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यांतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. संगणकावर नेहमी केले जाणारे फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फायलींची नवी अनुक्रमणिका तयार करणे होय. सेक्टरचा आकार त्याने बदलत नाही. आकार बदलण्यासाठी डिस्कच्या स्वतःच्या अंतर्गत नियंत्रकालाच आज्ञा द्यावी लागते. प्रथम नवा सेक्टर-आकार ५१२ बाइट असल्याचे कळवायचे आणि मग संपूर्ण पृष्ठभागाची पुन्हा आखणी करण्यास सांगायचे, असे या कामाचे दोन टप्पे आहेत. लिनक्सवर 'एसजी३ युटिल्स' या विनामूल्य संचातील 'एसजी फॉरमॅट' नावाची आज्ञा हे दोन्ही टप्पे पार पाडते. काही डिस्कचा मूळ आकार ५१२ बाइटच असतो, पण तपासणीचे ८ बाइट वेगळे जोडलेले असतात. अशा वेळी त्याच आज्ञेने ते संरक्षण काढून टाकता येते.

प्रत्यक्ष कामात चार बाबी सांभाळाव्या लागतात. पहिली, डिस्क रेड नियंत्रकाच्या मागे असेल, तर तो तिला झाकून ठेवतो आणि आज्ञा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून डिस्कशी थेट बोलू देणारे साधे सॅस कार्ड वापरावे. दुसरी, कोणत्या डिस्कवर आज्ञा चालणार आहे हे तिचा अनुक्रमांक वाचून निश्चित करावे. चुकीच्या डिस्कवर चाललेली आज्ञा मागे घेता येत नाही. तिसरी, वेळ. सरासरी दर सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने लेखन होते असे धरले, तर ४ टेराबाइटच्या डिस्कला सात ते आठ तास लागतात. चौथी, अखंड वीज. प्रक्रिया मध्येच खंडित झाली, तर डिस्क 'मांडणी अपूर्ण' अशा अवस्थेत अडकते आणि माहिती देणे-घेणे नाकारते. बहुतेक वेळा तीच आज्ञा आरंभापासून पुन्हा दिल्यास ती सुधारते. तथापि जेथे वीजपुरवठा अनिश्चित आहे तेथे यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये.

पुनर्मांडणीनंतर संपूर्ण पृष्ठभाग एकदा लिहून व वाचून तपासणे आवश्यक ठरते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते. एकूण चालू तास, वापरात असताना निर्माण झालेले सदोष सेक्टर, वाचनातील दुरुस्त न झालेल्या चुका इत्यादी आकडे तिच्यातून मिळविता येतात. या आकड्यांचे मोल किती, यावर गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर पुढील ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यात दिसून आले. त्याच निबंधानुसार निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख धोक्याच्या खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. तात्पर्य, वाईट नोंद असलेली डिस्क निश्चित नाकारावी. परंतु चांगली नोंद ही हमी मानू नये.

वाचता न येणे म्हणजे पुसले जाणे नव्हे

तिसरा व सर्वांत गंभीर अडथळा विश्वासाचा आहे. साध्या संगणकाला ५२० बाइटची डिस्क वाचता येत नाही, यावरून ती रिकामी आहे असा समज होतो. तो चुकीचा आहे. कार्यप्रणालीने नाकारलेली डिस्कही थेट आज्ञांच्या साहाय्याने सेक्टरगणिक वाचता येते. साठवण यंत्रणेत एका फायलीचे तुकडे अनेक डिस्कवर विखुरलेले असतात, त्यामुळे एका डिस्कवरून संपूर्ण फाइल मिळेलच असे नाही. पण ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक एवढ्यासाठी लहानसा तुकडाही पुरतो.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट या संशोधकांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्यांतील १२९ डिस्क चालत होत्या आणि फक्त १२ डिस्क योग्य रीतीने पुसलेल्या होत्या. एक डिस्क एटीएम यंत्रातील असून तिच्यावर खाते क्रमांक तसेच होते. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने मॉर्गन स्टॅनले स्मिथ बार्नी या वित्तीय संस्थेला ३.५ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. जुने सर्व्हर व डिस्क निकाली काढण्याचे काम या क्षेत्राचा अनुभव नसलेल्या मालवाहतूक कंपनीकडे सोपविल्यामुळे सुमारे १.५ कोटी ग्राहकांची माहिती धोक्यात आल्याचा ठपका त्यात होता.

माहिती पुसण्याचे तंत्र मात्र आज स्पष्ट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तीन पातळ्या सांगितल्या आहेत : साधे पुसणे, प्रयोगशाळेतही माहिती परत मिळू नये असे खोलवर पुसणे, आणि प्रत्यक्ष नाश. आधुनिक हार्ड डिस्कवर संपूर्ण पृष्ठभाग एकदा नव्या मजकुराने भरला, तर बहुतेक उपयोगांसाठी ते पुरेसे मानले जाते. सात-सात वेळा पुसण्याची जुनी प्रथा आता अनावश्यक ठरली आहे. खोलवर पुसण्यासाठी डिस्कच्या नियंत्रकालाच देता येणारी स्वतंत्र आज्ञा असते. माहिती मुळातच सांकेतिक रूपात साठविणाऱ्या डिस्कमध्ये सांकेतिक किल्ली नष्ट केली की सर्व माहिती काही क्षणांत निरर्थक होते. पुनर्मांडणीची आज्ञा या कामाचा पर्याय नाही. दोषयुक्त म्हणून बाजूला टाकलेले सेक्टर तीत अस्पर्शित राहू शकतात आणि काही डिस्कवरील जलद पर्यायात जुना मजकूर जागच्या जागीच राहतो. म्हणून पुसणे व पुनर्मांडणी ही दोन वेगळी कामे मानून दोहोंची वेगळी नोंद ठेवली पाहिजे.

पुनर्वापराचे अर्थकारण

जुनी वस्तू वापरणे नेहमीच किफायतशीर असते असे नाही. एका डिस्कला सतत १० वॅट वीज लागते असे मानले, तर वर्षाला सुमारे ८८ युनिट खर्च होतात. आता ६०० गिगाबाइटच्या सात जुन्या डिस्क एकत्र करून ४ टेराबाइट क्षमता मिळविली, तर वर्षाला सुमारे ६१३ युनिट लागतील. एका मोठ्या डिस्कच्या तुलनेत हे ५२५ युनिट अधिक झाले. प्रति युनिट ८ रुपये दर गृहीत धरल्यास हा जादा खर्च वर्षाला ४,२०० रुपये होतो. फुकट मिळालेल्या लहान डिस्कही या हिशेबात महाग पडतात. याउलट ४ टेराबाइट वा अधिक क्षमतेची, ७२०० फेऱ्यांची, सुस्थितीतील डिस्क शाळेच्या संगणक कक्षातील सर्व्हर, ग्रंथालयातील अंकीकृत ग्रंथांची दुसरी प्रत, सीसीटीव्ही चित्रण अथवा कार्यालयीन नोंदींची राखीव प्रत यांसाठी उपयुक्त ठरते. एकमेव प्रत मात्र अशा डिस्कवर कधीही ठेवू नये.

राष्ट्रीय दृष्टीने पाहता या प्रश्नाला कच्च्या मालाची बाजू आहे. डिस्कचे वाचन-शीर्ष हलविणाऱ्या यंत्रणेत निओडिमियम या दुर्मीळ मृदा धातूचे प्रबळ चुंबक असतात. डिस्कचे तुकडे केले की चुंबकांचा चुरा लोखंडाला चिकटतो आणि त्यातच वाया जातो. २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, त्यांपैकी २२.३ टक्के कचऱ्याचेच नोंदणीकृत संकलन व पुनर्चक्रण झाले. दुर्मीळ मृदा धातूंच्या मागणीपैकी केवळ १ टक्का मागणी ई-कचऱ्यातून भागते. २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू व चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यानंतर या अवलंबित्वाची तीव्रता जाणवली. त्याच वर्षी केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वपूर्ण खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेस आणि देशात दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. एखाद्या डिस्कचे आयुष्य तीन-चार वर्षांनी वाढविणे आणि त्यानंतर ती अखंड अवस्थेत पुनर्चक्रणकर्त्याकडे पोहोचविणे, हे या धोरणाला पूरकच आहे.

माहितीची विषमता आणि बाजारपेठ

पुनर्वापरातून लाभ होत असेल, तर बाजारव्यवस्था तो आपोआप का साधत नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रातील एका प्रसिद्ध सिद्धान्तात सापडते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्याला मालाची गुणवत्ता ठाऊक असते व ग्राहकाला नसते, तेव्हा ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या मालाचे मालक विक्री टाळतात, बाजारात सदोष माल उरतो आणि अखेरीस बाजारच आक्रसतो. या कार्यासाठी त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले.

जुन्या हार्ड डिस्कचा बाजार या सिद्धान्ताचे ठळक उदाहरण आहे. २०२५ च्या प्रारंभी जर्मनीत असे उघडकीस आले की, नव्या म्हणून विकलेल्या सीगेट कंपनीच्या अनेक डिस्क प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या होत्या. त्यांच्यावरील नेहमीची वापरनोंद शून्यावर आणलेली होती. परंतु उत्पादकाने डिस्कमध्ये ठेवलेली दुसरी अंतर्गत नोंद तशीच राहिल्याने लबाडी पकडली गेली. अशा डिस्क आपण विक्रेत्यांना पुरविल्या नसल्याचे उत्पादकाने स्पष्ट केले. म्हणजे प्रामाणिकपणे 'वापरलेली' म्हणून विकली असती तर जी डिस्क समाजोपयोगी ठरली असती, तिच्यामुळेच ग्राहकाचा जुन्या मालावरील विश्वास उडाला.

या बाजारातील विषमता दुहेरी आहे. खरेदीदाराला डिस्कची प्रकृती ठाऊक नसते, तर मूळ मालक संस्थेला डिस्क बाहेर गेल्यावर माहितीचे काय होईल याची खात्री नसते. हजार डिस्क विकून संस्थेला मिळणारी रक्कम मर्यादित असते. एका डिस्कमधून माहिती फुटल्यास होणारी हानी मात्र अमर्याद ठरू शकते. अशा स्थितीत अधिकाऱ्याने सर्व डिस्क चिरडण्याचा आदेश देणे त्याच्या दृष्टीने तर्कसंगतच आहे. सुरक्षिततेचा लाभ संस्थेला मिळतो आणि वाया गेलेल्या साधनांचा भार समाजावर पडतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही नकारात्मक बाह्यता होय.

भारतातील कायदेशीर चौकट

ई-कचऱ्यासंबंधी भारतातील स्वतंत्र नियम २०११ मध्ये आले व मे २०१२ पासून लागू झाले. त्यांची जागा पुढे २०१६ च्या नियमांनी घेतली. सध्या लागू असलेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांत समाविष्ट उपकरणांची संख्या २१ वरून १०६ वर नेण्यात आली. निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रणकर्ता या चौघांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी बंधनकारक करण्यात आली. उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे उद्दिष्ट २०२३-२४ व २०२४-२५ साठी ६० टक्के, २०२५-२६ व २०२६-२७ साठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के असे निश्चित केले आहे.

नूतनीकरणाच्या दृष्टीने एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. नोंदणीकृत नूतनीकरणकर्त्याकडून प्रमाणपत्र घेतल्यास उत्पादकाची तेवढ्या मालाची जबाबदारी पुढे ढकलली जाते आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्या प्रमाणाच्या ७५ टक्केच भाग त्याच्या खाती धरला जातो. हे स्पष्ट आर्थिक प्रोत्साहन आहे. त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. जबाबदारीचे मोजमाप वजनावर होते. एका साडेतीन इंची डिस्कचे वजन साधारण ६०० ते ७०० ग्रॅम असते. वजनाच्या हिशेबात ती धुलाई यंत्राच्या एका भागाइतकीही भरत नाही, जरी तिचे उपयोगमूल्य कितीतरी अधिक असले तरी. त्यामुळे वजनावर आधारलेले प्रोत्साहन डिस्कसारख्या हलक्या पण मौल्यवान सुट्या भागापर्यंत क्षीण होऊनच पोहोचते.

दुसरी बाजू माहिती संरक्षणाची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहिती ज्या प्रयोजनासाठी घेतली ते संपल्यावर, अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसल्यास, ती पुसणे बंधनकारक आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. एक कायदा वस्तूचे आयुष्य वाढविण्यास सांगतो, तर दुसरा तिच्यातील माहितीचे आयुष्य संपविण्यास सांगतो. या दोहोंत विरोध नाही. परंतु दोन्ही पाळण्याची खात्रीशीर पद्धत उपलब्ध नसेल, तर संस्था मोठ्या दंडाच्या भीतीने चिरडण्याचाच मार्ग निवडतील.

अपेक्षित उपाययोजना

या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी पुढील उपाय विचारात घेता येतील. पहिला, डिस्क यंत्रणेतून काढण्यापूर्वी, मालक संस्थेच्या आवारातच आणि तिच्या देखरेखीखाली पुसली जावी. मूळ यंत्रणेला ५२० बाइटची मांडणी समजत असल्याने तेथे हे काम सर्वांत सुलभ असते. डिस्क एकदा भंगाराच्या पोत्यात गेली की तेच काम कठीण व संशयास्पद होते. दुसरा, प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकानिशी पुसल्याचे व त्याची पडताळणी केल्याचे प्रमाणपत्र ठेवावे. जी डिस्क पुसण्याची आज्ञा पूर्ण करू शकत नाही, तीच नष्ट करावी. तिसरा, शासकीय कार्यालयांच्या लिलावाच्या अटींत साठवण उपकरणांचा स्वतंत्र गट करून त्यांची बोली फक्त नोंदणीकृत नूतनीकरणकर्त्यांसाठी खुली ठेवावी. चौथा, विक्रीच्या वेळी चालू तास, सदोष सेक्टरांची संख्या आणि पुनर्मांडणीची तारीख लेबलवर देणे बंधनकारक असावे. पाचवा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील संगणक दुरुस्तीच्या अभ्यासक्रमात पुसणे, पुनर्मांडणी व तपासणी यांचा समावेश व्हावा. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे ई-कचऱ्यावर उपजीविका करणारे असंख्य कामगार आम्लाच्या व धुराच्या सान्निध्यात धातू वेगळे करीत आले आहेत. त्यांच्यापैकी काहींना तरी या मार्गाने अधिक सुरक्षित व अधिक मोबदल्याचे कौशल्य मिळू शकेल.

समारोप

कचरा व्यवस्थापनाच्या उतरंडीत निर्मिती टाळणे, पुनर्वापर, पुनर्चक्रण आणि विल्हेवाट असा क्रम मानला जातो. हार्ड डिस्कच्या बाबतीत आपल्याकडे अनेकदा दुसरी पायरी वगळून थेट तिसरी गाठली जाते. ५२० बाइटचा सेक्टर ५१२ बाइटचा करण्यासाठी एक आज्ञा, एक कार्ड आणि एक रात्र पुरते. ती डिस्क निःशंकपणे देता व घेता यावी यासाठी मात्र पुसल्याचा पुरावा, वापराची खरी नोंद आणि जबाबदार मध्यस्थ या तिन्हींची आवश्यकता असते. चक्रीय अर्थव्यवस्थेचे यश यंत्रांइतकेच अशा विश्वासार्ह नोंदींवर अवलंबून असते. डिस्क सर्व्हरमधून बाहेर काढण्याच्या दिवशी ती पुसण्याची व्यवस्था तयार आहे की नाही, यावरूनच ती एखाद्या शाळेच्या कपाटात जाणार की तुकडे करणाऱ्या यंत्रात, हे ठरते.